भिंतीकडे तोंड करून

सर वेबसाईटचं कोटेशन लिहीत तेव्हा शेवटच्या ओळीत 'इतर' असा एक शब्द असे आणि त्यापुढे एक आकडा. वरच्या ओळी सरळ होत्या. पानं किती, फोटो कोण काढणार, मजकूर एका भाषेत की दोन, वर्षभराची देखभाल. वेबसाईटचं नाव विकत घ्यायचा खर्च ते वेगळा दाखवत, आणि तो गिऱ्हाइकाने स्वतःच्याच कार्डावरून भरायचा असा त्यांचा हट्ट असे. या ओळींवर कोणी काही विचारत नसे. 'इतर'वर मात्र बोट येई.

"सर, हे इतर म्हंजे काय?"

सर टेबलाकडे बघत हळूच सांगत, "ते तुम्ही, साहेब."

गिऱ्हाईक हसे. सरांना विनोद करायचा नसे. कोणी काम घेऊन समोर बसलं की त्यांच्या छातीत धडधड सुरू होई, आणि ती सगळ्यांसाठी सारखी नसे. 'आपलाच माणूस समजून करा' म्हणणाऱ्यासाठी जास्त. 'पुढं लय कामं देऊ' म्हणणाऱ्यासाठी त्याहून जास्त. 'आमच्या भाच्याले यातलं थोडं समजते' हे वाक्य आलं की त्यांचा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जाई.

"कामाचे पैसे सगळेच घेतेत, मॅडम," ते मला म्हणाले होते. "भेवाचे कोण देते? भेव लागलं की मले दोन दिवस जेवण जात नाही. ते कोणाच्या नावावर टाकू?"

सर गेले त्याला आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटला. हे लिहायला मला फार दिवस लागताहेत. एक वाक्य लिहिते आणि उठून खिडकीशी जाते.

बुलढाण्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत, स्टॅम्पव्हेंडरांच्या टेबलांपलीकडे, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. खाली झेरॉक्सचं दुकान. बाजूने दोन भिंतींमधून अरुंद जिना वर येई. खोलीत बसलं की खालच्या मशीनची घरघर, पंख्याची करकर आणि रस्त्यावरचे हॉर्न, याखेरीज काही ऐकू येत नसे. माणूस दारात उभा राहिला की मगच कळे, कोणी आलं म्हणून.

मी तिथे मजकूर लिहायला जाई. मराठी घेऊन एम. ए. झाले होते, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, आणि तो पगार वर्षातून केव्हा होईल याचा नेम नव्हता. दवाखान्याची, मंगल कार्यालयाची, ठिबकच्या दुकानाची 'आमच्याविषयी' पानं मी लिहायची. सरांनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर एका पानाच्या पैशांचा पहिला हिस्सा रोख ठेवला आणि म्हणाले, "हे लिहायच्या आधीचे. आता तुमचं 'इतर' सांगा."

"कसलं इतर?"

"माझी भीती किती वाटते ते."

"मला तुमची भीती नाही वाटत, सर."

ते नाराज झाले. "वाटली पाहिजे," म्हणाले. "मी पैसे देणारा आहे."

तीन हिस्से हा त्यांचा नियम होता. पहिला हिस्सा हातात आल्याशिवाय ते कॉम्प्युटरचं बटण दाबत नसत. दुसरा, गिऱ्हाइकाने वेबसाईट खोलीत येऊन डोळ्यांनी पाहिली की. तिसरा मिळाला की चावी, म्हणजे पासवर्ड. कोणी भाव पाडून मागितला तर ते रुपये कमी करत नसत, पान काढून टाकत. एका डॉक्टरांनी इतकी घासाघीस केली की शेवटी त्यांच्या वेबसाईटवर फक्त नाव, पत्ता आणि दवाखान्याची वेळ राहिली. डॉक्टर खूश होते. सरही.

काम घेण्याआधी ते त्या गिऱ्हाइकाकडे डबा घेऊन जात आणि अर्धा दिवस कोपऱ्यात बसून राहत. दुकानदाराला वाटे, धंदा समजून घेताहेत. सर बघत असत की हा हमालाचे पैसे केव्हा देतो. माल उतरल्याबरोबर देतो, की 'संध्याकाळी ये' म्हणतो. चहावाल्याला हिशेब विचारताना याचा आवाज चढतो का. त्यावरून 'इतर'चा आकडा ठरे. एकदा वडनेर भोलजीच्या एका बियाणेवाल्याकडून ते हसतच परत आले. तो माणूस हमालांना आधी पैसे देऊन मग पोती उतरवून घेत होता. त्याच्या कोटेशनात सरांनी 'इतर'पुढे शून्य लिहिलं आणि मला तो कागद दाखवला. तसं शून्य मी पुन्हा पाहिलं नाही.

आणि भिंत. तिसरा हिस्सा मिळाला की सर आपली खुर्ची गिऱ्हाइकाला देत, म्हणत, "आता तुमचा पासवर्ड तुम्ही टाका," आणि स्वतः भिंतीशी जाऊन पाठमोरे उभे राहत. नुसती मान वळवून नाही. कपाळ भिंतीला टेकवून, हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. चुन्यावर त्यांच्या कपाळाचा तेलकट डाग पडला होता. गावातले बाकीचे वेबसाईटवाले गिऱ्हाइकाच्या वेबसाईटचं नाव स्वतःच्या ताब्यात ठेवत, म्हणजे तो पुढच्या वर्षी पळून जात नाही. सरांना ते जमत नसे. "कोणाची चावी आपल्याजवळ असली की तो केव्हाही दारात उभा राहते," ते म्हणत. "मले दारात कोणी नको."

कधीकधी भिंतीला टेकल्या टेकल्या ते सांगत, "तुमचे जावई आले वाटते," आणि खरोखरच थोड्या वेळाने जावई दारात येत. लोकांना वाटे, सरांना काहीतरी कळतं. मीही त्यांच्या विक्षिप्तपणात ते जमा करून टाकलं होतं.

पतसंस्थेचे अध्यक्ष आले ते दुपारच्या वेळी, सोबत दोन माणसं घेऊन. पांढरे कपडे, हातात दोन फोन, बोलणं अगदी गोड. जिल्ह्यात त्यांच्या शाखा होत्या, पाट्या चौकाचौकात होत्या, व्याज बँकेपेक्षा जास्त होतं. माझ्या वडिलांनी जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यावर मिळालेले सगळे पैसे तिथेच ठेवले होते. सगळे म्हणजे सगळे. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, माझं लग्न, त्यांचं स्वतःचं म्हातारपण, हे सर्व एका जाड कागदाच्या पावतीवर होतं.

अध्यक्षांना अशी वेबसाईट हवी होती की ठेवीदाराने घरबसल्या आपला नंबर टाकावा आणि आपली रक्कम पाहावी.

"आकडा सांगा फक्त," ते म्हणाले.

"मी कोटेशन टाइप करून..."

"टाइप-बिइप राहू द्या हो. तोंडी बोला."

सरांनी एक आकडा सांगितला. मला माहीत होतं, तो दुप्पट होता. घासाघीस व्हावी म्हणून सांगितलेला.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले.

सर जागच्या जागी हलले. "थोडं कमी करायचं असंल तर एकदोन पानं काढता येतात."

"काऊन कमी? तुमच्या मेहनतीचं आहे. अन् तीन हिस्से-बिस्से नको. पूर्ण आजच घ्या."

एका माणसाने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. त्यावर एक पासबुक. अध्यक्षांनी सरांच्या नावाने आपल्याच पतसंस्थेत खातं उघडून आणलं होतं आणि सगळी रक्कम त्यात जमा केली होती. "आपल्या माणसाचे पैसे आपल्याजवळच राहू द्या," ते म्हणाले. "व्याजबी भेटंल."

ते गेल्यावर सरांनी पेढ्याला हात लावला नाही. नंतर कागद ओढून ओळी लिहिल्या, 'इतर' लिहिलं आणि पुढची जागा रिकामी सोडली.

"आकडा सापडून नाही राह्यला, मॅडम."

"पण ते तर लगेच तयार झाले."

"म्हणून तर. ज्याच्या खिशातून पैसे जाणार असतात तो भांडते. दोनशे रुपयांसाठी माणूस अर्धा घंटा भांडला की मले बरं वाटते. हा काऊन नाही भांडला?"

"मग नाही म्हणा."

"नाही म्हणायचं भेव त्याहून जास्त आहे."

वेबसाईट झाली. सरांनी सगळ्यात आधी आपलाच नंबर टाकून पाहिला. निळ्या चौकटीत त्यांची फी ठळक अक्षरांत दिसली. मग म्हणाले, "ही चौकट मी बनवली. हिच्यात कोणी जे टाइप करंल ते दिसंल. हे पैसे नाहीत. हे अक्षर आहे."

दुसऱ्या दिवशी ते शाखेत पैसे काढायला गेले आणि लवकरच परत आले. चेहरा उतरलेला होता, पण तोंडावर एक विचित्र हसू होतं.

"काय म्हणाले?"

"कॉम्प्युटर बंद आहे म्हणे. तुमची वेबसाईट चालू होईपर्यंत व्यवहार होत नाही म्हणे." ते खुर्चीत बसले. "माझीच वेबसाईट बंद आहे म्हणून मलेच सांगून राह्यले, मॅडम. तिथंच काउंटरवर उभा राहून मी मोबाईलवर पाहिली. चालू होती."

त्यानंतर ते पुन्हा गेले, पुन्हा तेच ऐकून आले. फोन वाजला की दचकत. डबा उघडत आणि तसाच बंद करत. मी विचारलं की म्हणत, "काही नाही." अध्यक्षांची माणसं अधूनमधून वर येऊन बसू लागली होती. काम काही नसे. एक जण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसे, दुसरा आमच्या टेबलावरच्या वस्तू उचलून पाही. "काय सर, सगळं बरोबर चालू हाय ना?" असं विचारून जात. मला त्या माणसांच्या आवाजापेक्षा त्यांच्या गप्प बसण्याची भीती वाटे.

एका सकाळी मी आले तेव्हा सर भिंतीशी उभे होते. खोलीत गिऱ्हाईक नव्हतं. खुर्ची रिकामी. मला वाटलं, बरं नाही.

"मॅडम, बसा," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "मी तुमच्यासंग बोलून नाही राह्यलो. मी भिंतीसंग बोलून राह्यलो. कोणी विचारलं तर तुम्हाले मी काही सांगितलं नाही, हे तुम्हाले खरं सांगता आलं पाहिजे."

मी बसले. पंखा करकरत होता.

"एका माणसाचे बाबा आहेत," ते भिंतीला सांगू लागले. "झेडपीतून रिटायर झालेले. त्यांचे पैसे तिथं आहेत. माझे निघत नाहीत. बहुतेकांचे नाही निघून राह्यले. तिथं थोडेच पैसे उरले आहेत, अडून बसंल त्यालेच भेटतील. त्या बाबांनी आजच..."

इथे ते थांबले. त्यांच्या मागे बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट रुतली. मग आवाज खाली आणून, पण एकही शब्द न गाळता, त्यांनी पुढचं सांगितलं.

"आजच जायचं. दुपारच्या आत. मुदत मोडायची, व्याज सोडून द्यायचं, बाईचं ऑपरेशन आहे म्हणायचं, अन् पैसे सरकारी बँकेत गेल्याशिवाय म्यानेजरसमोरून उठायचं नाही. ओरडायचं नाही. ओरडलं की सगळे धावतील, अन् मंग कोणालेच भेटणार नाही."

ते वळले, आणि दारात खर्रावाला उभा होता. मागे दुसरा.

दार उघडंच होतं. आमच्या खोलीचं दार नेहमी उघडंच असे.

"काय सर," खर्रावाला म्हणाला, "मॅडमले काय सांगून राह्यले होते?"

"मॅडमले नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका थरथरत होता की मला वाटलं, संपलं सगळं. "भिंतीसंग बोलत होतो. सवय आहे मले."

तो भिंतीकडे बघू लागला. त्या तेलकट डागाकडे. मग दुसऱ्याकडे वळून म्हणाला, "मी म्हनत नव्हतो बे, हा माणूस सटकेल हाय?" दोघं हसले. सरही हसले. मी वही उघडून काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि 'कॉलेजात तास आहे' म्हणून उठले. ते दोघं जिन्याच्या तोंडाशी होते. त्यांनी अंग चोरून मला वाट दिली. प्रत्येक पायरीवर मला वाटत होतं की आता मागून हाक येईल.

बाबांनी मला 'कोणी सांगितलं' असं विचारलं नाही. आयुष्यभर कचेरीत काढलेला माणूस. त्यांनी फक्त शर्ट बदलला आणि पावती घेतली. दुपारभर ते मॅनेजरसमोर हात जोडून बसून राहिले. मुदत मोडली, व्याज सोडलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा पैसे बँकेत पोचले होते आणि त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

पुढच्याच आठवड्यात शाखांची शटर खाली आली. शटरवर कागद चिकटवला होता: वेबसाईटमधील बिघाडामुळे व्यवहार तूर्त बंद. खाली सरांचं नाव नव्हतं, पण वेबसाईट कोणी बनवली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

लोक आमच्या जिन्यावर आले. जिना भरला, गल्ली भरली. मी वर होते. खिडकीतून नुसती डोकी दिसत होती आणि वर धरलेली पासबुकं. "खाली ये बे!" "आमचे पैसे अडकवून बसला!" मी म्हटलं, सर, दार लावून घेऊ, पोलिसांना फोन करते. ते म्हणाले, "करा," आणि ड्रॉवरमधून आपलं पासबुक काढून दाराबाहेर गेले. मी फोन कानाला लावून मागोमाग गेले.

वरच्याच पायरीवर कोणीतरी त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा खाली पडला. सरांनी तो शोधला नाही. त्यांनी पासबुक उघडून समोर धरलं.

"मीबी रांगेतच आहे," ते म्हणाले. "मलेबी हेच सांगितलं त्यांनी. माझी वेबसाईट बंद असती तर मले माहीत नसतं का?"

आवाज एवढा बारीक होता की मागच्यांना ऐकूच गेला नाही. पुढे एक म्हातारी बाई होती, डोक्यावरून पदर घेतलेली. तिने पासबुक हातात घेतलं, उलटसुलट केलं. वाचता येत नसावं. शिक्का मात्र तिच्या पासबुकावरचाच होता.

"अवो, थांबा," ती मागे वळून ओरडली. "याचेबी बुडाले! यालेबी फसवलं मेल्यानं!"

ती तिथेच पायरीवर बसली. सर तिच्या शेजारी बसले. हळूहळू जिना खाली मोकळा होत गेला. पोलीस आले तेव्हा त्यांना फक्त तुटलेला चष्मा आणि ही दोघं दिसली.

अध्यक्षांचं पुढे काय झालं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, तारखा पडताहेत. सरांचे पैसे निघाले नाहीत. अध्यक्षांची माणसं बरेच दिवस गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल लावून उभी असायची. सर मान खाली घालून त्यांच्यासमोरून जात. मग त्यांना काविळीने धरलं, आणि ती उतरली नाही. आजारपणात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आईचे गुडघे?" मी म्हटलं, "चालतेय आता." त्यांनी मान हलवली. मी आभार मानू लागले तर म्हणाले, "मी कुठं काय सांगितलं तुम्हाले?"

त्यांच्या पत्नीने खोली मला चालवायला दिली. चुना मारून घेते का, असं घरमालकांनी विचारलं. मी म्हटलं, पुढं बघू.

गेल्या आठवड्यात रोहिणखेडच्या एक बाई आल्या होत्या, शिवणकामाचे वर्ग चालवतात. त्यांनी मनसोक्त घासाघीस केली, तिसरा हिस्सा दिला, आणि पासवर्ड टाकायला खुर्चीत बसल्या. मी सवयीने तोंड फिरवून उभी राहणार होते. मग काय वाटलं, कोण जाणे, भिंतीशी गेले आणि त्या डागावर कपाळ टेकलं.

आणि मला पावलं ऐकू आली.

आधी कळेना कुठून. पंख्याची करकर मागे राहिली होती. मशीनची घरघर दूर गेली होती. कपाळाच्या हाडातून एकेक पायरी स्पष्ट येत होती. जिना त्या भिंतीच्या पलीकडूनच चढतो. अगदी खालची पायरी, मग वरची, चपलेचं घासणं, वळणावर थबकणं. वर येणारा एकटा आहे की दोघं, तेही कळत होतं. मी डोकं भिंतीपासून दूर केलं. काही नाही, नुसता पंखा. पुन्हा टेकलं. पावलं वर येत होती. थोड्या वेळाने झेरॉक्सवाले काका दारात आले, सुटे मागायला.

मी तशीच उभी राहिले. त्या सकाळी दोघं जण होते. जड पायांचे. ते पहिल्या पायरीवर आले तेव्हापासून सरांना ऐकू येत असणार. 'त्या बाबांनी आजच' इथे ते थांबले होते, तेव्हा ते दोघं वळणापर्यंत आले असतील. तिथे गप्प बसता आलं असतं. वळून, काय मॅडम, चहा सांगू का, असं म्हणता आलं असतं. ज्या माणसाला फोन वाजला तरी घाम फुटायचा त्याने कपाळ भिंतीला टेकून त्यांची एकेक पायरी ऐकली, आणि दुपारच्या आत जायचं, व्याज सोडायचं, ओरडायचं नाही, हे सगळं शेवटच्या शब्दापर्यंत सांगून मगच तोंड फिरवलं.

"मॅडम, झालं माझं," मागून बाई म्हणाल्या. "फिरा आता इकडं."

मला लगेच फिरता आलं नाही.